आपल्या घरचें मुखपृष्ठ

हल्लीं 'वेबसाइट' हा शब्द शहरापुरता राहिलेला नाहीं. आमच्या शिरूरच्या पेठेंतील दुकानदार, दौंड स्टेशनाजवळचा छायाचित्रकार, रांजणगांवच्या कारखान्यांत नोकरी करणारा तरुण, या सर्वांच्या तोंडीं तो सहज येतो. शाळेंतील मुलें तर 'आमचें पान', 'आमचें खातें' असें अभिमानानें बोलत असतात. परंतु हें पान राहतें कोठें, तें कोणाच्या मालकीचें आहे, आणि उद्यां तें नाहींसें झालें तर दाद कोणापाशीं मागावयाची, असा प्रश्न केला म्हणजे मुलेंहि गप्प बसतात आणि पालकहि. त्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, आणि ज्या विद्यार्थ्यांची तयारी असेल त्यांना स्वतःच्या घरांतील यंत्रावर स्वतःचें मुखपृष्ठ कसें उभारावें हें क्रमानें सांगावें, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. इंटरनेटवरील कोणाच्याहि ठिकाणीं शिरतांना जें पहिलें पान दृष्टीस पडतें त्यास मुखपृष्ठ म्हणतात. 'सर्व्हर' या शब्दाचा सरळ अर्थ सेवा करणारा असा आहे. तें एखादें अजस्र यंत्र असलेंच पाहिजे असें नाहीं. ज्या संगणकावर मागितलेलें पान काढून देणारा एक लहानसा प्रोग्रॅम अहोरात्र जागा असतो, तो संगणक सर्व्हर झाला. वाचनालयाचा दाखला घ्या. तुम्ही चिठ्ठीवर पुस्तकाचें नांव लिहून देतां. ग्रंथपाल कपाटांतून तें काढून देतो. नसल्यास 'नाहीं' म्हणून सांगतो. मोबाइलमधील ब्राउझर ही चिठ्ठी लिहितो व सर्व्हर ग्रंथपालाचें काम करितो. पान सांपडलें म्हणजे तो त्याबरोबर २०० हा आंकडा पाठवितो, तो आपणांस दिसत नाहीं. पान सांपडलें नाहीं तर ४०४ हा आंकडा पाठवितो. त्याच्याशीं मात्र प्रत्येक मुलाचा परिचय झालेला असतो.

ही सर्व व्यवस्था कांहीं फार जुनी नाहीं. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरानजीक सर्न नांवाची पदार्थविज्ञानाची मोठी संशोधनसंस्था आहे. तेथें काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें १९८९ च्या मार्च महिन्यांत आपली कल्पना वरिष्ठांपुढें मांडली, आणि १९९० सालच्या नाताळापर्यंत जगांतील पहिला वेब-सर्व्हर त्याच्याच टेबलावर चालूं लागला. त्या संगणकावर त्यानें तांबड्या शाईनें लिहिलेली एक चिठ्ठी चिकटविली होती. हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये, असा तिचा आशय होता. कोणी सहज बटण दाबलें असतें तर त्या वेळचें सगळें वेब बंद पडलें असतें! पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें सॉफ्टवेअर कोणासहि विनामूल्य वापरण्यास मोकळें केलें. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. या इतिहासांतून एक गोष्ट ध्यानांत येते. वेबचा आरंभ एका माणसाच्या टेबलावरील एका यंत्रापासून झाला, आणि तें यंत्र व तुमच्या घरांतील संगणक यांच्या जातींत कांहीं भेद नाहीं.

मग बहुतेक लोक आपलीं पानें स्वतःच्या घरीं कां ठेवीत नाहींत? कारण सोपें आहे. दुसऱ्याच्या मोठ्या वाड्यांत खोली फुकट मिळत असतां स्वतःचें घर बांधण्याचे श्रम कोण घेतो? परंतु बिऱ्हाडकरूनें बिऱ्हाडकरूची स्थिति विसरूं नये. जिओसिटीज नांवाच्या अमेरिकन ठिकाणीं लक्षावधि लोकांनीं आपलीं पानें थाटलीं होतीं. १९९९ सालीं याहू कंपनीनें तें विकत घेतलें व २००९ च्या ऑक्टोबरांत बंद केलें. कांहीं परोपकारी मंडळींनीं धांवपळ करून बरींच पानें वांचविलीं, सर्व वांचलीं नाहींत. आपल्याकडील आजचे तरुण पालक विद्यार्थी होते तेव्हां ऑर्कुटवर मित्रांस पत्रें लिहीत, कविता लिहीत, गांवच्या जत्रेचीं छायाचित्रें लावीत. तें ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. ज्यांनीं वेळेवर आपला मजकूर उतरवून घेतला नाहीं त्यांच्या हातीं केवळ आठवण उरली. यांत कोणी लबाडी केली असें नाहीं. वाडा ज्याचा, दार लावण्याचा अधिकार त्याचा, एवढाच त्याचा अर्थ.

छपाईच्या इतिहासांतहि हा भेद दिसतो. जावजी दादाजी यांनीं लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याचें हलकें काम केलें. तेथें पाहून पाहून ते ती कला शिकले, १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचें नांव आज आपण घेतों तें ते दुसऱ्याच्या छापखान्यांत राबले म्हणून घेत नाहीं. खिळा कसा ओततात, कागद कसा दाबतात, शाई किती लागते, हें सर्व स्वतःच्या हातीं आणल्यामुळेंच देवनागरी ग्रंथांच्या सुबकपणाचा कित्ता त्यांना घालून देतां आला. ज्याला साधनाचें मर्म कळतें त्याला त्या साधनावर आपल्या भाषेचा ठसा उमटवितां येतो.

असला कित्ता आमच्या तालुक्यांतहि आहे. पाबळ हें गांव मस्तानीच्या कबरीमुळें सर्वांस ठाऊक आहे. त्याच पाबळास, पर्जन्य कमी व खडक फार अशा जागीं, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. कलबाग हे अमेरिकेंत विद्या संपादन करून आलेले शास्त्रज्ञ; मुंबईच्या एका बड्या कंपनीच्या संशोधनविभागांतील नोकरी सोडून ते खेड्यांत आले. हातानें काम करतां करतां बुद्धि वाढते, हें त्यांचें शिक्षणाचें सूत्र होतें. २००२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या विद्यापीठाच्या साह्यानें तेथें 'फॅब लॅब' म्हणजे नाना वस्तु स्वतः घडविण्याची प्रयोगशाळा निघाली. अमेरिकेबाहेर निघालेल्या अगदीं पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. पुढें या प्रयोगशाळांच्या जगभर पसरलेल्या समूहानें 'फॅब अकॅडमी' नांवाचा अभ्यासक्रम काढला व तो पाबळासहि शिकविला गेला.

त्या अभ्यासक्रमाची एक रीत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. तेथें विद्यार्थ्यास आरंभींच स्वतःचें पान तयार करावें लागतें. त्यावर तो कोण, काय करूं इच्छितो हें लिहितो, आणि मग दर आठवड्यास जें काम केलें त्याची हकीकत तेथें नोंदवितो; जें साधलें तें, आणि जें बिघडलें तेंहि. तीं पानें त्या अकॅडमीच्या सामाईक सर्व्हरवर राहतात, विद्यार्थ्याच्या घरीं नव्हे. परंतु पानाची प्रत्येक ओळ तो आपल्या हातानें रचतो व त्याची प्रत त्याच्या संगणकावर असते. आम्ही येथें एक पाऊल पुढें जाऊन पान ठेवण्याची जागाहि आपलीच करूं.

पहिली गोष्ट यंत्राची. नवा महाग संगणक विकत घेण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. घरांत अडगळींत पडलेला जुना लॅपटॉप असल्यास तोच उत्तम, कारण वीज गेली असतां त्याची बॅटरी कांहीं वेळ तरी त्यास जागें ठेवते. तो नसल्यास रास्पबेरी पाय नांवाचा तळहाताएवढा संगणक मिळतो. तो इंग्लंडांत २०१२ सालीं मुलांना संगणकविद्या शिकतां यावी या उद्देशानेंच प्रथम विक्रीस निघाला. पालकांच्या मनांत विजेच्या बिलाची शंका येईल, म्हणून हिशेब मांडतों. असा लहान संगणक सुमारें ५ वॅट वीज घेतो असें धरा. चोवीस तासांत १२० वॅट-तास व तीस दिवसांत ३.६ युनिट होतात. २० वॅट घेणारा लॅपटॉप महिन्यास १४.४ युनिट घेईल. ६० वॅट घेणारा जुना टेबलावरचा संगणक मात्र महिन्यास ४३ युनिटांवर जाईल. तेव्हां जें यंत्र फुकट मिळालें तेंच स्वस्त पडेल असें नाहीं.

दुसरी गोष्ट प्रोग्रॅमची. यंत्रावर लिनक्स ही कार्यप्रणाली घालावी. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिन्लंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहिला, आणि पुढें जगांतील सहस्रावधि लोकांनीं ती वाढविली. तिची 'डेबियन' नांवाची आवृत्ति सर्व्हरच्या कामास भरंवशाची आहे. तिच्यावर 'अपाचे' किंवा 'एन्जिनएक्स' यांपैकीं एक प्रोग्रॅम बसवावा. पहिला १९९५ पासून व दुसरा २००४ पासून लोकांच्या वापरांत आहे. दोहोंसहि दाम पडत नाहीं. हाच आपला ग्रंथपाल. एक ठराविक फोल्डर हें त्याचें कपाट असतें, आणि त्या फोल्डरमध्यें 'इंडेक्स' या नांवाची जी फाइल ठेवाल तीच तुमचें मुखपृष्ठ म्हणून तो पाहुण्यापुढें ठेवतो.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष पानाची. पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेंत लिहितात. हा मथळा, हा परिच्छेद, हें चित्र, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, अशा खुणा मजकुराच्या आधीं व नंतर कंसांत घालावयाच्या असतात. व्याकरणांत वाक्यपृथक्करण करतांना कर्ता, कर्म, क्रियापद यांवर आपण खुणा करितों, त्यांतलाच हा प्रकार आहे. साधें पान लिहिण्यास दहाबारा खुणा पुरतात, आणि त्या चार दिवसांत पाठ होतात. पानाच्या शिरोभागीं दोन गोष्टी मात्र अवश्य लिहाव्या: एक, पानाची भाषा मराठी आहे ही, आणि दुसरी, अक्षरें 'यूटीएफ-८' या पद्धतीनें सांठविलीं आहेत ही. दुसरी खूण विसरली तर 'शिरूर' या शब्दाच्या जागीं चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसण्याचा संभव असतो.

येथें मराठीसंबंधानें थोडें अधिक सांगणें जरूर आहे. पूर्वीं प्रत्येक कंपनीचे देवनागरी फॉन्ट निरनिराळे असत. खालीं इंग्रजी अक्षराचा क्रमांक व वर मराठी अक्षराचें चित्र, अशी ती युक्ति होती. तो फॉन्ट ज्याच्याजवळ नाहीं त्याला सगळा मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांचा दिसे. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांतून असा मजकूर अजूनहि मिळतो. तो जसाच्या तसा पानावर घालूं नये. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि तेव्हांपासून मराठी मजकूर कोणत्याहि यंत्रावर मराठीच राहण्याचा मार्ग मोकळा झाला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. या दोहोंतील भेद आपण लिहितांना पाळतों. युनिकोडमध्यें तो भेद नीट राखतां येतो. मात्र टंकन करणाऱ्यानें दुसऱ्या शब्दांत ऱ हें अक्षर आठवणीनें वापरलें पाहिजे. यंत्र शुद्धलेखन सांभाळील अशा भरंवशावर राहणाऱ्याचें पान अशुद्धच निघेल.

चौथी पायरी परीक्षेची आहे, आणि ती घरच्या घरीं देतां येते. तुमच्या घरांतील राउटर प्रत्येक यंत्रास एक क्रमांक देतो. तो बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं आरंभ होतो. सर्व्हरचा क्रमांक बदलूं नये अशी सोय राउटरमध्यें करून ठेवावी. मग त्याच वायफायवर असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर तो क्रमांक टंकित करावा. पान दिसलें कीं तुमचा ग्रंथपाल कामास लागला असें समजावें. हें पान अजून घराबाहेर कोणासहि दिसत नाहीं, आणि तेंच या पायरीचें मोल आहे. येथें कितीहि खोडावें, कितीहि नवें लिहावें. हंसावयास घरचींच माणसें आहेत. आमचें विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, निदान तीन महिने तरी या पायरीवर राहावें. शाळेंतहि एका वर्गापुरतें असें पान चालवितां येतें.

पांचवी पायरी दार उघडण्याची. घराबाहेरील माणसास तुमचें पान दिसावें यासाठीं घरास जगांतील पत्ता पाहिजे. जुन्या पद्धतीचे असे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटि आहेत, आणि जगांतील माणसेंच ८०० कोटींवर गेलीं आहेत. या पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा २०११ च्या फेब्रुवारींत संपला. म्हणून पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांस मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. चाळींतील शंभर बिऱ्हाडांस एकच टपालपेटी असावी तसें तें होतें. अशा वेळीं बाहेरून आलेली चिठ्ठी तुमच्या खोलीपर्यंत पोंचत नाहीं. यावर उपाय तीन. कंपनीस जादा पैसे देऊन स्वतंत्र स्थिर पत्ता मागावा. किंवा कंपनी नव्या आयपीव्ही-६ पद्धतीचे पत्ते देत असल्यास ते वापरावे, कारण त्यांत पत्त्यांची टंचाई मुळींच नाहीं. किंवा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत आपण होऊन 'बोगदा' काढावा व त्यांतून पाहुण्यांस आंत आणावें. तिसऱ्या उपायांत पुन्हां दुसऱ्यावर कांहीं अंशीं अवलंबून राहावें लागतें, हें मात्र ओळखून असावें.

पत्ता मिळाल्यावर राउटरमध्यें ८० व ४४३ या क्रमांकांचीं दोन दारें सर्व्हरकडे वळवावीं. पहिलें साध्या बोलण्याचें, दुसरें गुप्त लिपींतील बोलण्याचें. दुसऱ्या दारासाठीं प्रमाणपत्र लागतें. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून तें विनामूल्य देत आहे. त्याची मुदत थोडी असते, म्हणून तें आपोआप नवें होत राहील अशी योजना प्रथमच करावी. मग आकड्यांच्या पत्त्याऐवजीं सोपें नांव घेतां येतें. २०१४ पासून '.भारत' असा देवनागरी शेवट असलेलें नांवहि मिळतें, म्हणजे पानाचा पत्तासुद्धां मराठींत लिहितां येतो. नांवाचें भाडें मात्र वर्षाच्या वर्षास भरावें लागतें. तेव्हां स्वतःच्या घरांतहि सर्व कांहीं आपल्या मालकीचें नसतें. जमीन आपली असली तरी पाटी भाड्याची, आणि रस्ता सर्वांचा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दार उघडलें म्हणजे पाहुणा येतो तसा चोरहि येतो. इंटरनेटवर रात्रंदिवस असे प्रोग्रॅम फिरत असतात, जे प्रत्येक पत्त्याचें प्रत्येक दार ढकलून पाहतात. सर्व्हर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद ठेवतो. ती नोंदवही विद्यार्थ्यानें आठवड्यांतून एकदां तरी वाचावी. शिरूरच्या एका घरांतील पानाची चौकशी कोठकोठचे अनोळखी करितात हें पाहून त्याला जें शिक्षण मिळेल तें कोणत्याहि व्याख्यानानें मिळणार नाहीं. संरक्षणाचे नियम थोडे आहेत, पण ते कडक पाळावे लागतात. सर्व्हरच्या यंत्रावर घरचे फोटो, आधारकार्डाच्या प्रती, बँकेचे कागद यांपैकीं कांहींहि ठेवूं नये. परवलीचा शब्द लांब असावा व तो दुसऱ्या कोठेंहि वापरलेला नसावा. राउटरवर आलेला मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. सांगितलेल्या दोन दारांखेरीज तिसरें दार उघडूं नये. आणि प्रोग्रॅमांच्या नव्या दुरुस्त्या निघतांच त्या लावाव्या. ज्याला एवढें करण्यास सवड नाहीं त्यानें दार उघडूंच नये. त्याच्यासाठीं चौथी पायरीच चांगली.

प्रतींविषयींहि असाच कडक नियम आहे. मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर, मामाच्या किंवा मावशीच्या घरीं असावी. उन्हाळ्यांतील वादळ, वीज एकदम वाढणें, चहाचा पेला कलंडणें, यांपैकीं कशानेंहि यंत्र जाऊं शकतें. यंत्र पुन्हां आणतां येतें. लिहिलेलें पुन्हां आणतां येत नाहीं. दुसऱ्याच्या वाड्यावर दोष ठेवणारा माणूस स्वतःच्या घरांत प्रत ठेवीत नसेल तर त्याचें पान ऑर्कुटपेक्षां लवकर नाहींसें होईल, ही गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. घरचें पान आपलें असतें म्हणजे त्याची काळजी वाहणारा दुसरा कोणी नसतो.

इतके श्रम करून त्या पानावर लिहावें काय? 'मी अमुक, माझा आवडता खेळ अमुक' एवढेंच लिहून थांबलें तर दोन दिवसांत त्याचा कंटाळा येईल. शिरूर-दौंड भागांत लिहिण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्या अंगणांत पर्जन्यमापक ठेवून रोजच्या पावसाचे आंकडे एका विद्यार्थ्यानें दहा वर्षें नोंदविले, तर शेतकऱ्यास व अभ्यासकास ते उपयोगी पडतील. शिरूरास जुनीं माणसें घोडनदी कां म्हणतात, नदीला पूर्वीं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिके, १९७२ च्या दुष्काळांत आजोबांनीं खडी फोडण्याचें काम कोठें केलें, तेव्हां घरांत काय शिजत असे, हें त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावें. दौंडच्या मुलांनीं रेल्वेंत नोकरी केलेल्या वृद्धांकडून वाफेच्या एंजिनाच्या दिवसांतील शब्द गोळा करावे. ते सांगणारे लोक दरवर्षीं कमी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर जें जाईल तें कोणत्याहि कंपनीच्या सर्व्हरवर सांपडणार नाहीं. लिहितांना दोन पथ्यें पाळावीं: ज्याची हकीकत त्याची संमति घ्यावी, आणि लहान मुलांचा पत्ता, फोन व छायाचित्र पानावर कदापि घालूं नये.

पालकांस आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी एका जुन्या यंत्रापुढें बसून कांहीं खटपट करीत असेल, तर 'मोबाइल पाहतो' आणि 'सर्व्हर मांडतो' यांतील फरक ओळखावा. पहिल्यांत तो दुसऱ्याचा पाहुणा असतो. दुसऱ्यांत तो यजमान होण्यास शिकतो. यजमानाला लवकर उठावें लागतें, घर झाडावें लागतें, आल्यागेल्याचें पाहावें लागतें, दाराला कडी आहे कीं नाहीं याची चिंता वाहावी लागते. हे गुण संगणकापुरते नाहींत. त्याला दिवसांतून एक ठराविक तास द्या, आणि झोपेच्या वेळेनंतर यंत्रापाशीं बसूं देऊं नका. सर्व्हरनें रात्रभर जागावें, मुलानें नव्हे. महिन्याच्या अखेरीस त्याच्याजवळ बसून 'या महिन्यांत काय नवें लिहिलेंस?' असें विचारा. त्याच्या पानाचा पहिला वाचक तुम्हीच व्हा.

कोणी म्हणेल कीं, मोठमोठ्या कंपन्यांचीं इतकीं ठिकाणें असतां शिरूरच्या एका घरांतील पानानें काय होणार? संख्येनें पाहिलें तर कांहीं होणार नाहीं. परंतु १९९० सालीं जगांत एकच वेब-सर्व्हर होता व त्याच्यावर त्याच्या कर्त्यानें आपल्या कामाचीच माहिती लिहिली होती. ज्याला कांहीं सांगावयाचें आहे आणि जो तें सांगण्याची जागा नीट सांभाळतो, त्याचें पान लहान म्हणून कमी मोलाचें ठरत नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत अडगळींतील तो लॅपटॉप काढून पुसा, वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या, आणि पहिलें पान घरच्या चार माणसांपुरतें लिहा. यंत्रावर मराठींत एक चिठ्ठीहि चिकटवा: 'हा सर्व्हर आहे. कृपा करून बंद करूं नये.' केर काढतांना आजी ती वाचील, आणि हें काय म्हणून विचारील. तिला समजेल अशा शब्दांत तें सांगतां आलें, म्हणजे हा विषय तुम्हांला समजला असें आम्ही मानूं.